कौलें कीं पत्रे ?

गेल्या वैशाखांत कशेळ्याकडील एका वाडींत आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरीं जाण्याचा योग आला. ओटीवर टेकतों न टेकतों तोंच घरांत चाललेला एक वाद आमच्या कानीं पडला. आणि पाहुणा आलेला मास्तर हा आयताच पंच असें खेड्यांत समजलें जात असल्यामुळें तो वाद लागलाच आमच्यापुढें मांडण्यांत आला. घर आजोबांच्या वेळचें, कौलारू. कांहीं वासे वाळवीनें पोखरलेले. मागलें पाखें वानरांच्या टोळीनें अर्धेंअधिक विसकटून टाकलेलें. मुलीचे वडील खोपोलीच्या बाजूस एका कारखान्यांत कामास जातात. त्यांचें म्हणणें असें कीं, दरसाल कौलें चाळण्याची ही कटकट आतां पुरे झाली. कौलांवर चढणारा माणूस मिळत नाहीं, मिळाला तर मागेल ती मजुरी द्यावी लागते. तेव्हां सगळें उतरवून पत्रे टाकावे, दोन दिवसांत काम उरकेल आणि मृगापूर्वीं मोकळें होतां येईल. आजी आंतून भाकरी थापतां थापतां एवढेंच म्हणाल्या, “अरे, तूं सकाळीं जातोस तो दिवेलागणीला येतोस. दुपार मला काढायची आहे.”

मुलगी आमच्यासमोर कांहीं बोलली नाहीं. मात्र पोंचवावयास वाटेपर्यंत आली तेव्हां म्हणाली कीं, शेजारच्या पत्र्याच्या घरीं ती मैत्रिणीबरोबर अभ्यासास जाते, तेथें पावसाची सर आली म्हणजे स्वतःनें मोठ्यानें वाचलेलें स्वतःलाच ऐकूं येत नाहीं. मग दोघी पुस्तक मिटून सर ओसरण्याची वाट पाहतात. पुढल्या वर्षीं तिची शालान्त परीक्षा आहे.

त्या दिवशीं आम्हीं निकाल दिला नाहीं. विचार करून सांगतों म्हणालों. तो विचार येथें मांडीत आहों. कारण हा प्रश्न त्या एका घराचा नाहीं. नेरळहून कर्जतकडे येणाऱ्या गाडीच्या खिडकींतून बाहेर पहा, किंवा चौकपासून खालापुरापर्यंत रस्त्याच्या दोहों अंगांस पहा. जेथें एके काळीं तांबडीं पाखीं दिसत तेथें आतां निळे, हिरवे आणि करडे पत्रे चकाकत असतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा वाद होऊन गेला असेल, कांहींच्या घरीं व्हावयाचा असेल.

आधीं एक गैरसमज बाजूस सारला पाहिजे. कौल म्हणजे आपलें, पिढीजात, आणि पत्रा म्हणजे परका, कालपरवाचा, अशा समजुतीनें हा वाद बहुधा सुरू होतो. वस्तुस्थिति उलट आहे. आज आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतों तें मंगळूर येथें बासेल मिशनच्या कारखान्यांत १८६५ सालापासून होऊं लागलें. जॉर्ज प्लेब्स्ट नांवाच्या मिशनऱ्यानें तेथल्या नदीकांठची चिकणमाती पाहून यंत्रानें दाबलेलीं, एकमेकांत अडकणारीं कौलें काढण्याचा तो उद्योग उभारला. त्यापूर्वीं आपल्याकडे गांवच्या कुंभाराचे नळे असत, आणि गरिबाच्या घरावर गवत किंवा भाताचा पेंढा. उलट, पन्हळी पत्र्याचें पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर यानें लंडन येथें १८२९ सालीं घेतलें, आणि लोखंडावर जस्ताचें पूट चढविण्याचें पेटंट सोरेल नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८३७ सालीं. म्हणजे वयानें पाहिलें तर पत्रा हा मंगळुरी कौलाहून छत्तीस वर्षांनीं वडील ठरतो! (जातां जातां सांगण्यासारखें : आपण त्याला ‘टिनाचा पत्रा’ म्हणतों, पण त्यांत टिन म्हणजे कथील औषधालाही नसतें, तें जस्त होय.) आणि आमच्या डोक्यावरच्या माथेरानावर, जेथें ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० सालीं चढून गेले आणि नंतर बंगल्यांची वस्ती झाली, तेथल्या अनेक जुन्या बंगल्यांवर पन्हळी पत्रेच आहेत. माथेरानचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्यानें पत्रा पावसास टिकत नाहीं असें म्हणूं नये.

तेव्हां जुनें कीं नवें हा मुद्दा सोडून देऊं. मुद्दा असा कीं, आमच्या या दोन तालुक्यांत, जेथें वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि चैत्र-वैशाखांत अंगाची लाही होते, तेथें पत्रा परवडतो कीं नाहीं.

कौलाच्या बाजूनें बोलणारे लोक एक गोष्ट विसरतात. कौलारू छप्पर हें नुसत्या कौलांवर उभें नसतें. तें माणसांवर उभें असतें. दरसाल उन्हाळ्याच्या शेवटीं कौलें उतरवून, झाडून, फुटकीं निवडून पुन्हां लावावीं लागतात. कुजलेली रीप बदलावी लागते, खचलेल्या वाशास टेकू द्यावा लागतो. हें काम जाणणारीं माणसें पूर्वीं प्रत्येक गांवांत असत. आज त्यांचीं मुलें कारखान्यांत, बांधकामावर किंवा आमच्या शाळेंत आहेत, आणि त्यांनीं तेथें असावें हेंच योग्य. शेजाऱ्यानें शेजाऱ्याचें घर शाकारावें ही चालही आतां उरली नाहीं. त्यांतून वानरें! जंगल तुटलें, फळझाडें घराशेजारीं आलीं, आणि टोळीच्या टोळी पाख्यांवरून उड्या मारीत जाते. एक कौल सरकलें कीं त्याखालची रीप भिजते, रीप कुजली कीं वासा, आणि वाशामागून भिंत. मातीच्या भिंतीच्या घराला एवढी एक फट पुरी होते. चांगलें लांकूड तर आतां सामान्य माणसाच्या आटोक्यांत राहिलेलेंच नाहीं.

विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें. घर वीस फूट रुंद आणि सव्वीस फूट लांब आहे असें धरूं. चोहोंकडे दोन दोन फूट वळचण सोडली आणि पाखें नेहमींच्या उतारावर ठेवलें, तर छपराचें क्षेत्र आठशें चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारें ७४ चौरस मीटरांच्या घरांत जातें. चौरस मीटरास मंगळुरी कौलें पंधरा लागतात आणि एका कौलाचें वजन अडीच किलोच्या आसपास असतें. म्हणजे अकराशें कौलें आणि सत्तावीस-अठ्ठावीस क्विंटल वजन. पावसांत कौल पाणी पितें तेव्हां त्याहून अधिक. त्याच छपरावर अर्धा मिलिमीटर जाडीचे लोखंडी पत्रे घातले तर सगळें ओझें साडेतीन-चार क्विंटलांच्या पलीकडे जात नाहीं. अठ्ठावीस क्विंटल पेलण्यास सागाचे वासे पाहिजेत; चार क्विंटलांस लोखंडाच्या हलक्या कैच्या पुरतात, आणि त्या वाळवी खात नाहीं. वडिलांच्या म्हणण्यांत तथ्य आहे तें येथें.

परंतु हाच हलकेपणा पत्र्याचा वैरीही आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आलें तेव्हां किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशीं शंभर ते एकशेंवीस किलोमीटर होता. आमचे तालुके किनाऱ्यापासून आंत. तरी येथेंही घरांवरचे पत्रे पतंगासारखे उडाले, हें पुष्कळांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. तें कसें घडतें ? वारा छपराला ढकलतो अशी सर्वांची कल्पना असते. वस्तुतः तो छपराला वर ओढतो. पाख्यावरून वारा वेगानें वाहूं लागला कीं तेथला हवेचा दाब कमी होतो, घरांतल्या कोंडलेल्या हवेचा दाब मात्र तसाच राहतो, आणि पत्रा खालून वर उचलला जातो. वेग ताशीं नव्वद किलोमीटर, म्हणजे सेकंदास पंचवीस मीटर धरला, तर हवेची घनता गुणिलें वेगाचा वर्ग भागिलें दोन या सूत्रानें चौरस मीटरास सुमारें ३७५ न्यूटन, म्हणजे अडतीस किलो वजनाएवढा जोर येतो. कडांवर आणि कोपऱ्यांत याहूनही जास्त. चौरस मीटर पत्र्याचें स्वतःचें वजन साडेचार किलो! तेवढ्याच जागेवरचीं कौलें सदतीस-अडतीस किलो भरतात आणि शिवाय फटीफटींतून आंतली हवा बाहेर सोडतात. म्हणून कौलारू घराचीं कौलें फुटतात, घसरतात, पण सबंध छप्पर सहसा उडून जात नाहीं. पत्र्याचें अर्धें पाखें एकदम चौदा क्विंटलांच्या जोरानें उचललें जातें. त्याला धरून ठेवणारें असतें काय ? चार आंकडे, आणि वर ठेवलेले दगड.

दगड ठेवण्याची ही चाल तर अगदींच सोडावी. वादळांत पत्रा उडतो तो उडतोच, आणि दगड खालच्या माणसाच्या डोक्यांत पडतो. पत्रा रिपेस स्क्रूनें, रीप कैचीस, कैची भिंतीवरच्या तुळईस आणि तुळई पायापर्यंत गेलेल्या खांबास बांधलेली असावी. या सांखळींतली एकही कडी सुटी राहिली तर बाकीच्या व्यर्थ. पत्रे टाकून घेणारे बहुतेक लोक पत्र्याचा भाव चार दुकानांत विचारतात. कैची खांबाला कशी बांधणार, हें मिस्त्रीला एकदांही विचारीत नाहींत.

आतां आजींच्या दुपारीकडे वळूं. कारण आमच्या मतें सगळ्या प्रश्नाचें मर्म तेथें आहे. वैशाखांत बारा ते चार या वेळांत उघडा पत्रा इतका तापतो कीं हात ठेववत नाहीं. धातु उष्णता ताबडतोब घेते आणि खालच्या माणसाच्या अंगावर ताबडतोब फेंकते. त्या घरांत उभें राहिलें असतां डोक्याचा टाळू जळतो आणि पाय थंड असतात, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना अधिक सांगणें नको. कौल जाड, मातीचें. तें सावकाश तापतें, आणि कौलाकौलांमधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. एक गोष्ट मात्र न्यायानें सांगितली पाहिजे : सूर्य मावळल्यावर पत्रा लवकर निवतो. म्हणजे रात्रीं घरीं येणाऱ्याला पत्र्याचें घर फारसें वाईट वाटत नाहीं. पण छप्पर कोणतें घालावें हें ठरवितो तो रात्रीं घरीं येणारा, आणि त्याखालीं दुपार काढतात त्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, तान्हीं मुलें आणि परीक्षेला बसलेलीं पोरें. आमचें स्पष्ट मत आहे कीं, या बाबतींत घरांत मतें घ्यावयाचीं तर दुपारीं घरांत असणाऱ्यांचीं आधीं घ्यावीं.

लोक यावर नाना उपाय करतात. कोणी उन्हाळ्यांत पत्र्यावर पेंढा पसरतात. त्यानें गारवा येतो खरा. पण चुलीची एक ठिणगी पुरे होते, आणि पेंढा काढावयाचा राहून गेला तर पहिल्या पावसांत तो कुजून जस्ताचें पूट खातो. कोणी पंखा लावतात; तो वरची तापलेली हवाच खालीं लोटतो. खरा उपाय माथेरानच्या बंगल्यांत जाऊन पाहण्यासारखा आहे. तेथें पत्र्याखालीं राहण्याची खोली नसते. पत्र्याखालीं मोकळी जागा असते, आणि तिच्याखालीं लांकडी तक्तपोशी. पत्रा तापला तरी त्याची झळ मधल्या हवेंत राहते आणि आढ्याजवळच्या झरोक्यांतून बाहेर पडते. भोंवतीं रुंद व्हरांडा असल्यामुळें भिंतींवर ऊन येत नाहीं. आपल्याला लांकडी तक्तपोशी नको. बांबूची घट्ट विणलेली तट्टी पत्र्यापासून दीड-दोन फूट खालीं ताणून बसविली तरी दुपार बदलते. पूर्वींच्या घरांत माळा असे तो याच कामाचा होता. पत्रे टाकतांना पहिली कुऱ्हाड माळ्यावर पडते, हें आमच्या मतें सर्वांत मोठें नुकसान आहे.

आणखी एक गोष्ट अशी कीं, कौलांना उतार पुष्कळ लागतो, पत्र्याला कमी चालतो. म्हणून मिस्त्री सांगतो, आढें खालीं घेऊं, दोन पत्रे वांचतील. दोन पत्रे वांचतात, आणि तापलेला पत्रा माणसाच्या डोक्यापाशीं तीन हात जवळ येतो. हा सल्ला ऐकूं नये. रंगीत पत्रे घ्यावयाचे तर पांढरा किंवा अगदीं फिक्का रंग घ्यावा; गडद निळा आणि तांबडा हे रंग उन्हाला घरांत बोलावतात. दुकानदार म्हणतो पांढरा मळतो. मळूं द्यावा. आमच्याकडे चार महिने धुणारा पाऊस आहे.

आवाजाविषयीं त्या मुलीनें सांगितलें तें सोळा आणे खरें आहे. उघड्या पत्र्यावर आषाढाची सर म्हणजे ढोलांचें पथक. पण जी तट्टी ऊन अडविते तीच आवाजही पुष्कळसा गिळते. तेव्हां तिचा खर्च दोन ठिकाणीं वसूल होतो. हिवाळ्यांतला एक उपद्रव तिच्यामुळें टळतो तो वेगळाच. मार्गशीर्ष-पौषांत पहांटे गारठ्यानें पत्रा थंड पडतो, माणसांच्या श्वासाची आणि चुलीवरच्या हंड्याची वाफ त्याला खालून लागून पाणी होते, आणि तें थेंबथेंब अंथरुणावर ठिबकतें. पाऊस नसतांना पत्रा गळतो म्हणून लोक भोकें शोधीत बसतात, भोंक नसतेंच.

पत्रा किती टिकतो असें सर्व विचारतात. याचें उत्तर कोणता पत्रा आणि कोठला, यावर आहे. जस्त हें स्वतः झिजून लोखंडाला राखतें. जोंवर जस्त आहे तोंवर लहानशा ओरखड्यानेंही लोखंड गंजत नाहीं. म्हणून पत्र्याचें आयुष्य म्हणजे त्यावरील जस्ताचें आयुष्य. चौरस मीटरास १२० ग्रॅम जस्त असलेला पत्रा आणि २७५ ग्रॅम असलेला पत्रा डोळ्यांना सारखेच दिसतात; फरक दुकानदाराला ठाऊक असतो आणि गिऱ्हाइकाला दहा वर्षांनीं कळतो. तेव्हां जाडीबरोबर हा आंकडाही विचारावा, आणि भारतीय मानक २७७ ची खूण पाहावी. शेंकडा ५५ भाग ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असें मिश्र पूट चढविलेले पत्रेही मिळतात. ते महाग, पण बहुधा जास्त टिकतात. मुरुड-अलिबागकडील खारा वारा पत्र्याला फार लवकर खातो; आमचे तालुके समुद्रापासून दूर, ही आमच्या पत्र्यांची मोठी सोय आहे. मात्र कारखान्याच्या धुराड्याजवळ घर असेल तर आम्लाच्या धुरानें जस्त लवकर जातें. बहुतेक छपरें पत्र्यानें गळत नाहींतच, स्क्रूच्या भोकानें गळतात. स्क्रू पन्हळीच्या खोलगट भागांत न मारतां उंचवट्यावर मारावा, आणि त्याखालचा रबरी वायसर पत्र्याच्या कितीतरी आधीं मरतो हें ध्यानांत ठेवून तो दर कांहीं वर्षांनीं बदलावा. विजेची तार पत्र्यास कोठेंही टेकूं देऊं नये. सोललेली तार आणि ओला पत्रा एकत्र आले म्हणजे सबंध छप्परच विजेचें होतें, आणि त्याला बांधलेली कपडे वाळत घालण्याची लोखंडी तारसुद्धां.

स्वस्त म्हणून कित्येक लोक सिमेंटचे पत्रे घेतात. ते लोखंडी पत्र्याइतके तापत नाहींत हें खरें. परंतु त्यांपैकीं पुष्कळांत ॲसबेस्टॉसचे तंतु असतात, आणि ते छातींत गेले असतां कर्करोग होतो हें निर्विवाद ठरलेलें आहे. ग्रेट ब्रिटननें १९९९ सालीं त्यांच्या वापरावर बंदी घातली. घरावर असे जुने पत्रे असतील तर ते फोडूं नयेत, कापूं नयेत, करवतीनें घांसूं नयेत. मुलांनीं तर त्यांच्या तुकड्यांशीं मुळींच खेळूं नये.

स्लॅबाचें काय, असेंही कोणी म्हणेल. पैसा असेल त्यानें अवश्य घालावा. पण आमच्याकडे स्लॅब घातलेल्या घरांवर पांचसात वर्षांनीं लोखंडी कैच्या चढतात आणि त्यावर पत्रे येतात, हें कर्जत गांवांत चार पावलें चाललें तरी दिसेल. सपाट छप्पर आणि आमचा पाऊस यांचें कधीं पटलें नाहीं. स्लॅबावर उभारलेला हा पत्रा मात्र, आमच्या समजुतीप्रमाणें, या सर्व तालुक्यांतला सर्वांत सुखी पत्रा होय; कारण त्याच्याखालीं माणूस राहत नाहीं, धान्य आणि कपडे वाळतात.

ज्यांच्यापुढें निवड करण्याइतकाही पैसा नाहीं अशीं घरें ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्यांतून पुष्कळ आहेत. २०१६ सालीं ग्रामीण भागासाठीं जी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली, तींत सपाट प्रदेशांतील घरास १,२०,००० रुपये साहाय्य आणि किमान पंचवीस चौरस मीटर जागा असें प्रमाण ठरविलें गेलें. तेवढ्या पैशांत भिंती उभ्या राहिल्यावर छपरासाठीं पातळ पत्र्याखेरीज हातीं काय उरणार ? अशा घराला तट्टी बसवा असें सांगणें म्हणजे उपाशी माणसास पथ्य सांगण्यासारखें आहे, अशी टीका आमच्यावर होईल. पण बांबू आणि तट्टी विणण्याची कला याच वाड्यांत आहे. कारवीच्या कुडाचीं गार घरें बांधणारे लोक हेच. सरकारी आराखड्यांत एक ओळ तक्तपोशीची आणि एक ओळ बांधणीची असती, तर पैसा फारसा न वाढतां घर राहण्याजोगें झालें असतें, असें आम्हांस वाटतें. (ईर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड आली, तिच्यापुढें मात्र कौल काय आणि पत्रा काय! तो प्रश्न जागेचा होता, आणि तो छपराच्या कितीतरी आधीं विचारावयाचा असतो.)

पत्र्याचा एक गुण असा आहे कीं, त्याचा हिशेब कोणीच करीत नाहीं. वर सांगितलेल्या घराच्या छपराखालीं, वळचणीसह, ६७ चौरस मीटर जमीन झांकली जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरास एक लिटर पाणी. तीन हजार मिलिमीटरांचा हिशेब विद्यार्थ्यांनीं करावा. दोन लाख लिटर येतात. हें सगळें अंगणांतून वाहून उल्हास नदीला मिळतें, आणि फाल्गुनांत त्याच घरची मुलगी डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याकडे जाते. सगळें साठवितां येणार नाहीं, हें आम्हांसही कळतें. पण पत्र्याचें पाणी गवताच्या किंवा शेवाळलेल्या कौलांच्या पाण्याहून स्वच्छ असतें. पहिले चार-सहा पाऊस सोडून देऊन, पन्हळ लावून दहा हजार लिटरांची टांकी भरून झांकून ठेवली, तर भांड्याकुंड्यांच्या आणि गुरांच्या पाण्याची कांहीं आठवड्यांची तरी सोय होईल. पत्रा परवडतो कीं नाहीं या हिशेबांत हें पाणी जमेच्या बाजूस धरलें पाहिजे.

तेव्हां आमचें मत असें. ज्या घराची लांकडें धड आहेत त्यानें नुसत्या कंटाळ्यानें कौलें उतरवूं नयेत. आम्हीं पाहिलें आहे कीं, गांवकरी कौलें आणि सागाचे वासे मिळेल त्या भावानें विकून पत्रे घेतात, आणि तींच कौलें, तेच वासे मुंबईचे लोक आपल्या नव्या बागायतींतल्या बंगल्यासाठीं हौसेनें विकत नेतात. दुसऱ्या बाजूस आमच्याच गांवांत कौलाच्या नक्षीचे रंगीत पत्रे येऊं लागले आहेत. एकमेकांचीं सोंगें घेण्याचा हा प्रकार पाहून हंसावें कीं रडावें कळत नाहीं. परंतु जेथें लांकूड कुजलें आहे, माणूस मिळत नाहीं, आणि दर पावसांत भिंत भिजते आहे, तेथें पत्रा परवडतो. नुसता परवडतो असें नव्हे, तोच शहाणपणाचा आहे. मात्र पत्र्याचा भाव म्हणजे छपराचा भाव नव्हे. पत्रा, त्याची बांधणी आणि त्याखालची तट्टी या तिहींची बेरीज करावी, आणि ती हातांत येईपर्यंत वर्षभर थांबावें लागलें तरी थांबावें. वैशाखांत घाईनें टाकलेला उघडा पत्रा पुढें तट्टी मागतो ती कोणीच बसवीत नाहीं. कारण एकदां पाऊस आंत येईनासा झाला कीं घरच्या कर्त्याला काम संपलेंसें वाटतें.

हें सारें आम्हीं ज्येष्ठाच्या आरंभीं त्या घरीं पुन्हां जाऊन सांगितलें. वडिलांनीं ऐकून घेतलें, दोन ठिकाणीं वाद घातला, आणि बांधणीच्या खर्चाचा आंकडा ऐकून थोडा वेळ गप्प बसले. शेवटीं यंदाचा पावसाळा कौलांवरच काढावयाचा असें ठरलें. शेजारच्या घराचीं उतरवून ठेवलेलीं कौलें मिळालीं. पलीकडल्या ठाकरवाडींतले दोन वयस्क गृहस्थ येऊन त्यांनीं मागलें पाखें दीड दिवसांत नीट करून दिलें, आणि हें आमच्या हातचें शेवटचेंच म्हणून समजा असें बजावून गेले. पत्रे दिवाळीनंतर. त्या वेळीं मिस्त्रीही मोकळे असतात आणि काम घाईनें करावें लागत नाहीं. वडिलांनीं दिनदर्शिकेच्या पाठीमागें तीन रकमा मांडून ठेवल्या आहेत; तिसरी, तट्टीची, आधीं खोडलेली आणि मग पुन्हां लिहिलेली आम्हांस दिसली.

निघतांना आजींनीं एकच गोष्ट विचारली. स्वयंपाकघरावर एक कांचेचें कौल आहे. त्यांतून सकाळीं उन्हाचा कवडसा खालीं उतरतो, आणि तो जात्यापर्यंत सरकला म्हणजे नात शाळेला निघण्याची वेळ झाली हें त्यांना कळतें. पत्र्यांत तसें कांहीं होतें काय ? होतें, आम्ही म्हणालों. पारदर्शक पत्रा मिळतो, एक त्या जागीं बसवितां येईल.

“मग तेवढा त्या जागींच बसव हो,” त्या मुलाला म्हणाल्या, “इकडेतिकडे नको.”